सिंगापूर-बँकॉक आणि एक संकष्टी

"ताई, सिंगापूरला जाताना चढ लागतो का हो?"

हा प्रश्न मला माझ्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या ट्रॅव्हल ऑफिसात भरदुपारी, पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाने विचारला. भाऊसाहेब त्यांचं नाव. पिंपळगाव बसवंतचे द्राक्षांचे व्यापारी. दुबईपासून हॉलंडपर्यंत कुठल्या बाजारात कुठला माल चालतो हे त्यांना तोंडपाठ, पण स्वतः कधी विमानात बसले नव्हते. हंगाम सुरू व्हायच्या आत गावातली वीसएक मंडळी जमवून ते माझ्याबरोबर सिंगापूर-बँकॉक करायला निघाले होते, आणि तिकिटं हातात पडल्यावर त्यांनी ती हुंडी तपासावी तशी तपासली होती.

"चढ कशाला लागेल?" मी म्हटलं.

"मग हे बघा. माझा मेव्हणा मागच्या साली बँकॉकहून सिंगापूरला गेला. त्याच्या तिकिटावर साडेतीन तास. तुम्ही आम्हाला सिंगापूरहून बँकॉकला नेताय, तर दीडच तास. रस्ता तोच, विमान तसलंच. म्हणलं, आपल्या कसाऱ्याच्या घाटासारखं असंल. वर चढताना गाडी दम खाती, उतरताना भर्रकन खाली."

मी हसले नाही. हसू गिळणं हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. तिकीट काढणं दुसरं.

तिकिटं काढण्यात आणि माणसं फिरवून आणण्यात माझा उभा जन्म गेला, त्यामुळे बाहेरच्यांना हे समजावून सांगायची सवय आहे. तिकिटावर निघायची वेळ असते ती जिथून निघतो तिथल्या घड्याळाची, आणि पोचायची वेळ असते ती जिथे पोचतो तिथल्या घड्याळाची. सिंगापूरचं घड्याळ बँकॉकच्या एक तास पुढे. अंतर साधारण चौदाशे किलोमीटर, आणि खरा वेळ दोन्हीकडून अडीच तासांच्या आतबाहेर. पण बँकॉकहून निघालात तर कागदावर एक तास वाढलेला दिसतो आणि सिंगापूरहून निघालात तर एक तास कमी. शिवाय त्या अडीच तासांत विमान दार लावल्यापासून दार उघडेपर्यंतचा वेळ मोजलेला असतो. त्यातला बराचसा ते जमिनीवर रांगत, दुसऱ्या विमानांना वाट देत काढतं.

भाऊसाहेबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तिकिटावर उतार दिसतो. मी तरी दुसरं काय म्हणलो?" आणि हा चढ-उतार त्यांनी पुढे सगळ्या गटालाही समजावून सांगितला.

नाशिककरांना अंतर कळत नाही असं नाही. आपलं अंतराचं माप वेगळं असतं, इतकंच. मुंबई किती लांब, असं विचारलं तर कुणीही किलोमीटर सांगत नाही. "सकाळी लवकर निघालात तर साडेतीन तास, नाहीतर देवाच्या हाती," असं सांगतात. आणि घोटीला चहासाठी थांबल्याशिवाय मुंबई गाठता येते यावर आपला विश्वास नाही. एका बाईंनी मला विचारलं होतं, विमान मध्ये कुठे थांबतं का. मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मग ड्रायव्हर चहा कुठं पितो?" विमानतळावर उतरून आलेल्या पायलटकडे त्या पुढे फार कौतुकाने बघत होत्या.

एक निवृत्त प्राध्यापक होते. ते फोनवर विमानाचा नकाशा लावून बसायचे आणि दर दहा मिनिटांनी मला कळवायचे की आपण आता अमुक बेटावर आहोत. मी आपली होय सर, होय सर म्हणायची. शेवटी त्यांना झोप लागली तेव्हा विमान आणि मी दोघंही निर्धास्त झालो.

आता माझ्या ऑफिसला कुलूप आहे. लोक फोनलाच विचारतात आणि फोन अचूक सांगतो. चौदाशे किलोमीटर, दोन तास पंचवीस मिनिटं. फोनला कुणी चढाचं विचारत नाही. विचारलं तरी तो हसू गिळणार नाही, कारण त्याला हसू येणारच नाही. याचं मला थोडं वाईट वाटतं, हे कबूल करते. पण आज सांगायची आहे ती भाऊसाहेबांच्या त्याच सहलीची गोष्ट. त्यात उतार होताच, फक्त तो कुठल्या दिशेला आहे हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या गटात यमुनाबाई होत्या. भाऊसाहेबांच्या शेजारच्या मळ्यातल्या. सत्तरीच्या आसपासच्या, ठेंगण्या, नऊवारीत, आणि पायात सुनेने हौसेने घेऊन दिलेले पांढरेधोप बूट. त्यांचे यजमान अण्णा आदल्या वर्षी अर्धांगवायूने आजारी पडले होते. उजवी बाजू अजून पुरती परत आली नव्हती. अशा माणसाला टाकून सिंगापूरला जायला यमुनाबाई मुळीच तयार नव्हत्या. पण अण्णांनीच हट्ट धरला. "माझं राह्यलं ते राह्यलं. तू तरी बघून ये, न मला सांग." असं म्हणून त्यांनी बायकोला भाऊसाहेबांच्या स्वाधीन केलं होतं.

बँकॉकला जायच्या दिवशी नेमकी संकष्टी आली. यमुनाबाई आणि अण्णा दोघंही लग्नापासून संकष्टी करत. अण्णांना आता डॉक्टरांनी उपाशी राहायला मनाई केली होती. तडजोड म्हणून ते दिवसा फराळ करत, पण रात्रीचं जेवण चंद्र दिसल्यावरच, आणि रक्तदाबाच्या-साखरेच्या गोळ्या त्या जेवणानंतर. जेवण लांबलं की गोळ्या लांबत आणि गोळ्या लांबल्या की त्यांना घाम सुटून डोळ्यांपुढे अंधारी येई. आजारी पडल्यापासून त्यांना गच्ची चढता येत नव्हती. म्हणून यमुनाबाई वर जात, चंद्र बघत आणि कठड्यावरून खाली ओरडत, "दिसला हो!" मग अण्णा हात धूत.

"सून सांगेल की," मी म्हटलं.

"तिचं नाय ऐकत ते. मागं एकदा मला ताप होता, तर तिला पाठवली वर. पोरीला दया आली. चंद्र उगवायच्या आतच म्हणली दिसला. जेवून झाल्यावर मळ्यातली पोरं वरडली, आत्ता उगवला म्हणून! तवापासून म्हणत्यात, तू सांगितल्याबिगर घास नाय घ्यायचो."

"मग आज?"

"आज मी बँकॉकात चंद्र बघायचा, आन् फोनवर सांगायचं. ठरलंय आमचं. कॅलेंडरात साडेआठ दिलाय. तिकिटावरबी साडेआठलाच उतरतंय विमान. गणपतीनंच जमवून आणलंय बघा, ताई."

मी मान डोलावली. मला वाटलं, त्या नाशिकचे साडेआठ म्हणतायत. त्यांच्या लेखी जगात साडेआठ एकदाच वाजत होते.

आमच्या गटात पंचवटीतले एक गुरुजी होते, पत्नीसह. रामकुंडावर यजमानांचे विधी करून करून त्यांचा आवाज इतका कमावलेला की सिंगापूरच्या विमानतळावर ते बायकोला हाक मारत तेव्हा इतर देशांचे लोकही वळून बघत. यमुनाबाईंनी त्यांना विचारून ठेवलं होतं की परमुलखात चंद्र कुठला धरायचा. गुरुजी म्हणाले, "मावशी, शास्त्र सोपं आहे. जिथे देह, तिथला चंद्रोदय."

"आन् जीव पिंपळगावला असंल तर?"

गुरुजींनी यावर शेंडीवरून हात फिरवला. शास्त्रात याची सोय नसावी.

विमान निघायला अर्धा तास उशीर झाला. कारण कुणी सांगितलं नाही. विमानतळावर कारण सांगण्याची पद्धत सगळ्या जगात सारखीच आहे. यमुनाबाईंची चुळबुळ तिथून सुरू झाली. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात घरून आणलेले तळणीचे मोदक. दर पाच मिनिटांनी त्या माझ्याकडे बघत, आणि मी "आता निघेल, मावशी" म्हणत होते.

इथे मी एक कारागिरी केली होती. सिंगापूरहून बँकॉकला विमान उत्तरेकडे जातं, म्हणजे पूर्व उजव्या हाताला. संध्याकाळचं विमान, संकष्टीचा दिवस. म्हणून मी काउंटरवरच्या मुलीला लाडीगोडी लावून यमुनाबाईंना उजवीकडची खिडकी मिळवून दिली होती. म्हटलं, म्हातारीला ढगांच्या वरून चंद्रोदय दिसेल, जन्माची आठवण राहील. असल्या गोष्टींचे पैसे मिळत नाहीत, पण आमच्यासारख्यांची अक्कल त्यातच दिसते. डावीकडची खिडकी दिली असती तर बाई निवांत झोपली असती आणि पुढचं काही घडलं नसतं.

अर्ध्या वाटेत ढगांच्या कडेवर आधी तांबूस उजेड आला आणि मग चंद्र वर आला. मोठा, एका बाजूने किंचित झिजलेला. मी मागच्या रांगेत होते. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते, तेवढ्यात यमुनाबाईंचा आवाज आला.

"अगं बाई, उगवला! ताई, उगवला हो! ह्यांना फोन लावा!"

"मावशी, विमानात फोन लागत नाही."

"मग विमान खाली घ्यायला सांगा त्याला!"

हवाईसुंदरी धावत आली. तिला वाटलं म्हातारीला काही होतंय. तिने पाण्याचा कप दिला. यमुनाबाईंनी तो कपाळाला लावला, चंद्राकडे बघून दोन थेंब बोटाने रुमालावर सोडले आणि कप परत तिच्या हातात दिला. अर्घ्य झालं. पण बाई काही खाली बसेनात. डोळ्यांना पाणी लागलं होतं.

"माझा चंद्र झाला, ताई. पण ते तिकडं उपाशी बसले असतील फोनकडं बघत. गोळ्या राह्यल्या असतील. सून म्हणंल जेवा, ते म्हणतील तिचा फोन नाय आला. मला ठावंय त्यांचा सोभाव. काही झालं म्हंजे? कशाला आले मी ही विमानं बघायला!"

आता मला उलगडलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, तिकडे अजून चंद्र उगवलाच नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. इतकी कीव माझी आजवर कुणी केली नाही.

"हा काय मग? चंद्र काय दोन हायेत?"

मी पृथ्वी कशी फिरते ते हाताची मूठ करून सांगितलं. त्या मुठीकडे बघत राहिल्या. गुरुजी मागून म्हणाले, "देशान्तर, मावशी, देशान्तर! गावागणिक वेळेला रेखांशाचा संस्कार करावा लागतो." त्याने तर त्या आणखीच घाबरल्या. संस्कार म्हटल्यावर त्यांना काय काय आठवलं असेल कोण जाणे.

मग भाऊसाहेब उठले. या माणसाने आठवडाभर मनगटावरचं घड्याळ बदललं नव्हतं. सिंगापुरात आम्ही नाश्ता करायचो तेव्हा ते म्हणायचे, "आता कुठं पहाट झाली, आन् तुम्ही इडल्या चेपताय." सगळ्या गटाने त्यांची यथेच्छ थट्टा केली होती, मीसुद्धा. ते म्हणाले होते, "मळ्यात फोन करायचा असतो. मला तिथली वेळ पायजे. इथली घेऊन मी काय करू?" तेच मनगट त्यांनी यमुनाबाईंच्या पुढे धरलं.

"वैनी, हे पिंपळगावचं घड्याळ. किती वाजले?"

"सात... सातबी नाय अजून."

"कॅलेंडरात किती दिलाय?"

"साडेआठ."

"मग? अण्णा आता टीव्ही बघत बसले असतील. आवो, कंटेनर बंदरातून निघाला म्हंजे हॉलंडला पोचला असं असतंय का? हा चंद्र इथून निघालाय. पिंपळगावला पोचायचाय अजून. त्याला टाईम लागंल का नाय?"

यमुनाबाईंनी खिडकीतून चंद्राकडे नीट बघितलं. मग विचारलं, "किती टाईम?"

"दीड तास धरा."

"आन् विमानाला?"

"बँकॉकहून मुंबईला चार-साडेचार," मी म्हटलं. "पुढे मुंबईहून पिंपळगाव, ते मात्र देवाच्या हाती."

"म्हंजे विमानाच्या आधी पोचतोय," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा मागे टेकून बसल्या. पण डबा उघडला नाही. मी म्हटलं, तुमचा चंद्र तर झाला, आता मोदक खा. गुरुजींनीही शास्त्राधार दिला. यमुनाबाईंनी नुसती मान हलवली.

बँकॉकला चाकं टेकल्या टेकल्या मी फोन चालू केला, पिंपळगावला लावला आणि स्पीकरवर टाकून यमुनाबाईंच्या हाती दिला. सुनेने अण्णांच्या कानाला धरला असावा. अण्णांचा आवाज आजारामुळे थोडा जड, पण खणखणीत.

"काय गं? इतक्या लवकर? अजून साडेआठ कुठं झाले?"

आणि यमुनाबाई विमानाच्या वाटेत, मागच्या लोकांना अडवून, मोठ्यांदा म्हणाल्या, "अवो, निघालाय! मी आत्ताच बघितलाय. माझ्या खिडकीम्होरून गेला. दीड तासात येतोय तुमच्याकडं, लक्ष ठेवा!"

हिशेबात विमानातला वेळ त्यांनी वजा केला नव्हता. मग अण्णा म्हणाले, "बरं. बघतो."

बँकॉकमध्ये आमचं जेवण विमानतळाजवळच्या एका पंजाबी माणसाच्या हॉटेलात ठरलेलं. पासपोर्टावरचे शिक्के, बॅगा, बस, सगळं आटोपून तिथे पोचलो तेव्हा तिथले दहा वाजत आले होते आणि तो मालक खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवायच्या बेतात होता. गरम फुलके यायला लागले. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळे सकाळपासून फिरून भुकेले. आणि यमुनाबाई पुढ्यात बंद डबा घेऊन बसलेल्या. त्यांचा फोन डब्याच्या झाकणावर.

पहिला फुलका भाऊसाहेबांच्या ताटात पडला. त्यांनी तो बाजूला सारला. मग गुरुजींनी हात मागे घेतला. मग एकेकाने. कुणी कुणाला सांगितलं नाही. सहलीला निघालेली आपली माणसं जेवणासमोर हात बांधून बसली आहेत, हे दृश्य मी एवढ्या वर्षांत तेवढं एकदाच पाहिलं. मालक माझ्याजवळ येऊन हिंदीत कुजबुजला, "जेवणात काही गडबड झाली का?" मी म्हटलं, "नाही हो. आम्ही एका पाहुण्याची वाट बघतोय. तो वाटेत आहे."

भाऊसाहेबांच्या घड्याळात साडेआठ झाले. काही नाही. यमुनाबाईंचे ओठ हलत होते. मीही मनात नाही नाही ते मोजायला लागले. ढग असले तर? सुनेने परत दया केली तर? म्हातारा रुसून बसला तर?

फोन वाजला. चित्र दिसणारा कॉल होता. आधी नुसता अंधार दिसला, मग हलणारी भिंत, मग अण्णांचा चेहरा. मागे घराचा दिवा लांब दिसत होता. ते घरात नव्हतेच.

"आला गं!" अण्णा म्हणाले. धाप लागली होती. "पोचला. लिंबाच्या वर आलाय."

"कुठून बघताय तुम्ही? खिडकीतून नाय दिसत लिंब."

"अंगणात आलोय."

"कुणी उचलून आणलं?"

"कुणी नाय. चालत आलो काठीनं. सून धरायला आलती, म्हणलं मला नको, फोन तेवढा धर. आज वरून आवाज द्यायला तू नव्हतीस. मग म्हणलं, आपणच जाऊन बघावं."

यमुनाबाई फोन दोन्ही हातांनी धरून नुसत्या बघत राहिल्या. शेवटी अण्णाच म्हणाले, "जेव आता. मीबी जेवतो. दिसला गं, दिसला!"

ते "दिसला" त्यांनी मुद्दाम मोठ्यांदा म्हटलं, गच्चीवरून खाली म्हणावं तसं. गुरुजींनी तो कमावलेला आवाज लावून "मंगलमूर्ती मोरया" म्हटलं. खुर्च्या उलट्या ठेवायला आलेले दोन थाई वेटर दचकून उभेच राहिले. मग डबा उघडला. प्रत्येकाला अर्धा अर्धा मोदक आला, हॉटेलच्या मालकालाही.

भाऊसाहेबांनी मोदक तोंडात टाकला, घड्याळ काढलं आणि काटे फिरवायला लागले. म्हणाले, "आता इथली वेळ लावतो. तिकडचं काम झालं."

यमुनाबाई जेवल्या, पोटभर जेवल्या. हात धुऊन आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि भाऊसाहेबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "ताई, हितून घरी जाताना कसं हाय? चढ का उतार?"

आमचं बँकॉक-मुंबईचं तिकीट मला पाठ होतं. घड्याळ दीड तास मागे जाणार, म्हणून कागदावर तीनच तास दिसत होते. खरे साडेचार. हे सगळं मला समजावून सांगता आलं असतं.

"उतार आहे, मावशी," मी म्हटलं. "घराकडे सगळा उतारच आहे."